बस सरासरी अर्धी रिकामी, मग आपल्याला जागा का मिळत नाही?

नाशिक शहरात निमाणीहून नाशिकरोडला बसने जाणाऱ्या कोणत्याही रोजच्या प्रवाशाला विचारा. तो सांगेल, बस नेहमी खचाखच भरलेली असते आणि नेहमी उशिरा येते. आता अशाच एखाद्या मार्गाची नोंदवही पाहा. तिथे दर फेरीला सरासरी 30 प्रवासी आणि दर दहा मिनिटांनी एक बस असं लिहिलेलं असू शकतं. बसायला आणि उभं राहायला मिळून 60 जणांची सोय असेल, तर कागदावर बस अर्धी रिकामी धावते. ही दोन विधानं एकत्र ठेवली की वाटतं, कोणीतरी खोटं बोलतंय. प्रत्यक्षात दोघंही खरं बोलत असतात. गर्दीच्या प्रवासातला बराचसा त्रास आणि त्यावरचे बरेचसे उपायही या दोन खऱ्यांमधल्या अंतरात आहेत.

एक साधं गणित करू. आकडे सोपे पडावेत म्हणून घेतलेले आहेत. एका थांब्यावर दर मिनिटाला तीन माणसं येतात आणि तासाला सहा बस सुटतात. बस नेमक्या दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर प्रत्येकीत 30 जण चढतील. पण वाहतुकीच्या रेट्यात त्या जोडीजोडीने येऊ लागल्या आणि एक अंतर 18 मिनिटांचं, पुढचं 2 मिनिटांचं असं झालं, तर काय होईल? 18 मिनिटांनंतर आलेल्या बसमध्ये 54 जण घुसतील आणि तिच्या मागोमाग आलेल्या बसमध्ये सहा. दोन बसमध्ये मिळून 60 प्रवासी, म्हणजे सरासरी 30च. नोंदवहीतला आकडा जसाच्या तसा राहिला.

आता हाच प्रश्न प्रवाशांना विचारा: तुमच्या बसमध्ये किती जण होते? साठपैकी 54 जण म्हणतील ‘चोपन्न’ आणि फक्त सहा जण म्हणतील ‘सहा’. या उत्तरांची सरासरी येते जवळपास 49. बस मोजणाऱ्याला 30 दिसतात आणि माणसं मोजणाऱ्याला 49. कारण उघड आहे: भरलेल्या बसमध्ये गर्दीचे साक्षीदारही जास्त असतात, तर रिकाम्या बसची साक्ष द्यायला तिच्यात कोणी नसतंच. प्रवाशाला ‘नेहमी गर्दी असते’ असं वाटणं हा त्याच्या मनाचा खेळ नाही. त्याच्या वाट्याला आलेलं ते खरं माप आहे.

थांब्यावर जाणारा वेळही याच हिशोबाने वाढतो. दहा-दहा मिनिटांनी बस येत असेल, तर वेळ न पाहता थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. 18 आणि 2 मिनिटांच्या खेळात मात्र तो 18 मिनिटांच्या खिंडीत सापडण्याची शक्यता दहात नऊ आहे आणि तिथे सरासरी नऊ मिनिटं जातात. उरलेल्या एका वेळी एक मिनिट. एकूण सरासरी 8.2 मिनिटं. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, ड्रायव्हर-कंडक्टर तेवढेच, आणि तरी थांबणं दीडपटीहून जास्त. शिवाय थांब्यावरची मिनिटं लांब वाटतात. वाहतुकीचे अभ्यासक प्रवासाच्या वेळेची किंमत काढतात, तेव्हा थांबण्याचं एक मिनिट हे गाडीत बसलेल्या मिनिटाच्या साधारण दीड ते दोन पट जड धरतात.

मग बस जोडीने का येतात? निमाणीहून तर त्या एकेकट्याच सुटलेल्या असतात. 1964 साली न्यूवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी याचं गणित मांडलं आणि ते आजही प्रत्येक शहराला लागू पडतं. समजा, आपली बस द्वारका चौकात सिग्नलला दोन मिनिटं जास्त अडकली. पुढच्या थांब्यावर त्या दोन मिनिटांत सहा माणसं वाढली. प्रत्येकाला चढायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणून तिथे आणखी वीसेक सेकंद गेले. त्यामुळे त्यापुढच्या थांब्यावर एक-दोन माणसं आणखी वाढली. उपनगर, दत्तमंदिर हे थांबे करत बिटकोपर्यंत हा उशीर व्याजासारखा वाढत जातो. मागून येणाऱ्या बसचं नेमकं उलटं होतं. तिच्या वाट्याची माणसं पुढच्या बसने आधीच उचललेली असतात, त्यामुळे ती थांब्यांवर कमी थांबते, पुढे पुढे सरकते आणि शेवटी पुढच्या बसच्या पाठीला येऊन चिकटते. यात ड्रायव्हरचा आळस नाही, कोणाची चूक नाही. समान अंतर ही स्थितीच अस्थिर आहे. तिला जरा धक्का लागला की ती मोडते आणि आपण होऊन कधीच जुळत नाही.

या वाढत्या व्याजात दाराशी होणाऱ्या गर्दीची भर पडते. ‘पुढे सरका, पुढे मोकळं आहे!’ ही कंडक्टरची हाक ऐकली नाही असा प्रवासी नाही. हाक खरी असते. दाराच्या पायरीवर चार जण लोंबकळत असताना मधल्या पट्टीत दोन-तीन माणसांची जागा खरोखर रिकामी असते. तरी कोणी हलत नाही, कारण प्रत्येकाने मनात हिशोब केलेला असतो: आत गेलो तर उतरताना बाहेर कसा येणार? तीन थांब्यांनंतर उतरणाऱ्या माणसासाठी दाराजवळचा खांब धरून राहणं हाच शहाणपणा आहे. एकेकाचा शहाणपणा मिळून दार तुंबतं, चढायला लागणारे तीन सेकंद सहा होतात आणि आधीच मागे पडलेली बस आणखी मागे पडते. म्हणून ‘लोकांना शिस्त नाही’ हे निदान मला पटत नाही. उतरता येईल याची खात्री दिली, उतरायचं दार वेगळं आणि मोकळं ठेवलं, तर तीच माणसं आत सरकतात.

जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोची यातून सुटका झाली असेल असं वाटतं, कारण तिथे सिग्नलवर रिक्षा आडवी येत नाही. पण तिथेही दार आहेच. दर दोन मिनिटांनी गाडी म्हणजे तासाला 30 गाड्या. गर्दीच्या स्टेशनवर प्रत्येक गाडी 20 सेकंद जास्त थांबू लागली, तर दोन गाड्यांतलं अंतर 140 सेकंदांवर जातं आणि तासाला 25-26च गाड्या निघतात. रुळ तेच, डबे तेच, पण दारातल्या रेटारेटीत तासाला चार गाड्या गायब होतात. एका गाडीला ओलांडून दुसरीला पुढेही जाता येत नाही. टोकियोच्या स्थानकांत पांढरे हातमोजे घातलेले कर्मचारी प्रवाशांना आत ढकलतानाची चित्रं आपण पाहिलेली असतात. दार वेळेत बंद झालं नाही तर मागची सगळी रांग अडते, म्हणून ते ढकलणं चालतं.

आता डब्याच्या आत येऊ. आपल्याकडे मेट्रोची क्षमता मोजताना उभ्या प्रवाशांसाठी साधारणपणे एका चौरस मीटरमध्ये सहा माणसं धरतात आणि अगदी ठासून भरलेल्या गाडीसाठी आठ. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन गर्दीला हा आकडा 14 ते 16 पर्यंत जातो. सहा माणसं म्हणजे एकेकाला सुमारे 41 सेंटिमीटर बाजूचा चौकोन. प्रौढ माणसाचे खांदेच जवळपास तेवढे रुंद असतात. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने 1966 मध्ये माणसामाणसांतल्या अंतरांची मोजणी मांडली, त्यात सुमारे 45 सेंटिमीटरच्या आतलं अंतर हे फक्त अगदी जवळच्या माणसांसाठी राखलेलं होतं. ते निरीक्षण अमेरिकेतलं होतं. आपल्याकडे लोक एकमेकांच्या जास्त जवळ उभे राहतात हे मान्य करूनही, चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर अनोळखी चेहरा आला की शरीर सावध होतं. म्हणून नजर खिडकीकडे किंवा मोबाइलकडे जाते. अंतर वाढवता येत नसेल तर निदान नजर तरी काढून घ्यायची. बायकांसाठी हे सावधपण आणखी थकवणारं असतं, कारण प्रत्येक स्पर्श गर्दीचा आहे की मुद्दाम केलेला, हे त्यांना क्षणाक्षणाला ठरवावं लागतं. गर्दीच्या कुठल्याही अभ्यासात हा भार वेगळा मोजला गेला पाहिजे.

न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांवर गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लाळेतलं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं संप्रेरक तपासलं. संपूर्ण डबा किती भरलेला आहे, याचा ताणाशी फारसा संबंध दिसला नाही. आपल्या बाकावर, अगदी शेजारी किती माणसं आहेत, याचा मात्र स्पष्ट संबंध दिसला. शरीर डब्याची सरासरी काढत बसत नाही, ते शेजारचा कोपर मोजतं.

त्याहून जुना आणि मला जास्त महत्त्वाचा वाटणारा अभ्यास स्वीडनमधला आहे. 1976 मध्ये उल्फ लुंडबर्ग यांनी स्टॉकहोमला जाणाऱ्या लोकलच्या प्रवाशांच्या लघवीतलं अ‍ॅड्रेनालिन मोजलं. गाडी सुटते त्या पहिल्या स्टेशनवर चढणाऱ्यांचा प्रवास लांबचा होता, तर मधल्या स्टेशनवर चढणाऱ्यांचा जवळचा. ताण मात्र मध्येच चढणाऱ्यांना जास्त होता. पहिल्या स्टेशनवरचा माणूस रिकाम्या डब्यात शिरतो, खिडकी निवडतो, पिशवी कुठे ठेवायची आणि शेजारी कोण बसणार हे ठरवतो. मधल्या स्टेशनवरच्या माणसासाठी हे सगळं दुसऱ्यांनी ठरवून झालेलं असतं. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणारे पासधारक ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या मंडळींबरोबर वर्षानुवर्षं का बसतात, याचं उत्तर मला या अभ्यासात दिसतं. प्रवास तासन्‌तास चालतो, पण त्यातला एक तुकडा त्यांच्या हातात असतो. शहर बसच्या थांब्यावर उभ्या माणसाच्या हातात तेवढंही नसतं. बस कधी येईल, थांबेल का, शिरता येईल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दुसरीकडे असतात.

उन्हाळ्यात याला उष्णतेची जोड मिळते. स्वस्थ उभा असलेला माणूसही सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. साठ जणांची बस म्हणजे सहा किलोवॅटची शेगडी. बस धावत असेल तर खिडकीचा वारा ती उष्णता आणि घामाची वाफ घेऊन जातो. सिग्नलला थांबली की दोन्ही आतच राहतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये हवा कोरडी असल्याने घाम चटकन वाळतो, पण गर्दीत अंगाला अंग लागलेलं असतं आणि मधे हवा खेळायला जागाच नसते.

या सगळ्यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे जास्त बस. त्या हव्यातच. पण अंतरं बेभरवशाची राहिली तर नव्या बसही जोडीनेच धावतील. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी 2012 मध्ये मांडलेली पद्धत वेगळा विचार करते. अटलांटातल्या जॉर्जिया टेकच्या आवारातल्या बसवर ती वापरून पाहिली गेली. घड्याळाचं वेळापत्रक बाजूला ठेवायचं आणि बस टोकाच्या थांब्यावर आली की तिच्या मागची बस किती दूर आहे ते पाहून त्या प्रमाणात तिला थांबवायचं. मागची लांब असेल तर जास्त, अगदी पाठीशी असेल तर कमी. हळूहळू अंतरं आपोआप सारखी होत जातात. बसमध्ये जीपीएस असेल तर निमाणीला किंवा नाशिकरोडला हे करायला मोबाइलपेक्षा मोठं यंत्र लागणार नाही. अडचण दुसरीच येईल: उभ्या बसमध्ये बसलेले प्रवासी चिडतील. तिथे कंडक्टरने ‘दोन मिनिटांनी सुटणार’ एवढं सांगितलं तरी बराच फरक पडतो, कारण किती थांबायचं हे माहीत असलेला वेळ माणसाला कमी जड जातो.

दुसरा उपाय दाराचा आहे. तिकीट चढण्याआधी काढलेलं असेल, सगळी दारं उघडत असतील आणि फलाट बसच्या मजल्याइतका उंच असेल, तर चढायला लागणारे सेकंद कमी होतात आणि उशीर साचण्याचा वेगच घटतो. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली. त्या मेट्रो निओचा आराखडा याच तत्त्वावर बेतलेला होता: उन्नत मार्ग, रबरी टायरच्या विजेवरच्या लांब जोडबस आणि स्वतंत्र स्थानकं. पण फलाटावर आधी तिकीट आणि दोन दारांतून ये-जा या गोष्टींसाठी उन्नत मार्गाची वाट पाहण्याची गरज नाही. गर्दीच्या चार थांब्यांवर त्या आजही करता येतील. 2027 च्या सिंहस्थात बाहेरच्या वाहनतळांवरून भाविकांना बसने शहरात आणावं लागेल, तेव्हा तर अंतरं सारखी ठेवणं हा सुरक्षेचाही प्रश्न असेल. 18 मिनिटं बस आली नाही की थांब्यावर साचणारी माणसं तिथे 54 नसतील, हजारोंत असतील.

आणि मोजायचं काय, हेही बदलायला हवं. लंडनमध्ये ज्या मार्गांवर बस वारंवार धावतात, तिथे ‘बस वेळेवर सुटली का’ याऐवजी ‘प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं’ हे मोजतात आणि बस चालवणाऱ्या कंपन्यांचे पैसे त्यावरून कमी-जास्त होतात. हा आकडा काढायला संगणकही लागत नाही. थांब्यावर उभं राहून बस आल्याच्या वेळा लिहा. समजा अंतरं आली 4, 17, 3 आणि 16 मिनिटं. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज घ्या: 570. ती एकूण वेळेच्या दुपटीने, म्हणजे 80 ने भागा. उत्तर येतं 7.1 मिनिटं. चाळीस मिनिटांत चार बस सारख्या अंतराने आल्या असत्या तर ते 5 आलं असतं. मधली 2.1 मिनिटं एकही नवी बस न घेता परत मिळू शकतात.