विमानातली सीट आणि 90 सेकंदांचा वाद

अमेरिकेत 1978 पर्यंत देशांतर्गत विमानभाडी सरकार ठरवत असे. भाडे सगळीकडे सारखेच, म्हणून कंपन्यांची चढाओढ चाले ती जेवणावर आणि ऐसपैस बसण्यावर. त्या वर्षी भाडी मोकळी झाली, तिकिटे स्वस्त झाली आणि त्याच विमानात जास्त रांगा कोंबायचा हिशेब सुरू झाला. पुढे पातळ पाठीच्या सीट आल्या, मासिकांचा खिसा गुडघ्यांपासून वर सरकला. बोइंग 777 मध्ये इकॉनॉमीच्या एका ओळीत नऊ जण बसत. अनेक कंपन्यांनी तिथे दहा बसवले.

दोन रांगांमधले अंतर सरासरी 35 इंचांवरून 31 वर आले, काही विमानांत 28 वर, आणि सीटची रुंदी साडेअठरावरून 17 वर. हे आकडे घेऊन एक प्रवासी संघटना अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाकडे गेली. प्रवाशांचा आराम नियामकाच्या अखत्यारीत येत नाही, म्हणून मुद्दा मांडला सुरक्षिततेचा. भरलेले विमान निम्म्याच दारांतून 90 सेकंदांत रिकामे व्हायला हवे, असा नियम आहे. नियामक म्हणाला, सीटच्या मापाने त्यात फरक पडत नाही. पुरावा काय, तर उत्पादकांच्या चाचण्या, आणि त्या गोपनीय! जुलै 2017 मध्ये अपील न्यायालयाने हे उत्तर फेरविचारासाठी परत पाठवले.

2018 च्या कायद्याने नियामकाला वर्षभरात सीटचे किमान माप ठरवायला सांगितले, पण ‘सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तेवढे’ अशी पाचर मारून. मग ओक्लाहोमा सिटीत 720 स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या. सगळे धडधाकट, 18 ते 60 वयाचे. लहान मुले नाहीत, अपंग नाहीत, म्हातारे नाहीत. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईवडिलांनी भरलेले मुंबई-न्यूअर्क विमान ज्याने पाहिले आहे, त्याला हा नमुना कुठल्या विमानाचा असा प्रश्न पडेल. निष्कर्ष निघाला की 28 इंचांतूनही लोक वेळेत बाहेर पडतात. ही माहिती उपयुक्त असली तरी निर्णायक असेलच असे नाही, हे नियामकाच्याच प्रमुखांनी संसदेला कळवले.

2022 मध्ये जनतेची मते मागवली. 26 हजारांहून जास्त आली. संघटना त्याआधीच पुन्हा न्यायालयात गेली होती. मार्च 2023 मध्ये याचिका फेटाळली गेली: माप ठरवणे ‘आवश्यक’ आहे, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. कायद्याने दिलेली एका वर्षाची मुदत तोवर कधीच उलटली होती.