भावी, माजी आणि ‘मा.’: पुण्यातल्या निवडणूक जाहिरातींची पार्श्वभूमी

आमच्या बाथरूममध्ये एक हिरवी बादली आहे, ओल्या कचऱ्यासाठी कधीतरी वॉर्डात वाटलेली. वापरून वापरून तिच्यावरचं स्टिकर झिजलंय, फोटो गेला, नाव पण गेलं, पण खाली ‘यांच्या संकल्पनेतून’ एवढं अजून स्पष्ट वाचता येतं. बादली आली पालिकेच्या पैशातून, म्हणजे ‘स’ यादीतून (नगरसेवकाने सुचवलेल्या कामांसाठीचा पालिकेचा निधी), म्हणजे तुमच्या-आमच्या मिळकतकरातून. संकल्पना मात्र एका माणसाची. बाकं, बसस्टॉप, कमानी, कापडी पिशव्या, गल्लीच्या नावाच्या पाट्या, सगळीकडे हीच ओळ. ही जाहिरात आहे का? रोजच्या भाषेत विचाराल तर हो, शंभर टक्के. निवडणुकीच्या नियमांच्या भाषेत नाही, कारण तेव्हा निवडणूकच नसते.

सगळा घोळ इथेच आहे, आणि तो पुण्याने केलेला नाही, फार जुना आहे.

निवडणुकीतल्या खोटेपणाबद्दलची फौजदारी कलमं १९२० सालची, इंग्रजांच्या काळातली. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल माहीत असून खोटं छापलं तर दंड. दुसरी, उमेदवाराची लेखी परवानगी न घेता त्याच्यासाठी सभा, जाहिरात, पत्रकं यावर खर्च केला तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. नीट बघा, दुसऱ्याबद्दल खोटं बोललात तर कलम आहे, स्वतःच्या कामाबद्दल कितीही फुगवून सांगितलं तर या कलमात काही नाही. ‘हा उड्डाणपूल मीच आणला’ असं तीन पक्षांचे तिघे जण एकाच चौकात लावू शकतात, आणि लावतातही. जाहिरातवाल्यांची स्वतःची शिस्त पाळणारी एक संस्था १९८५ पासून आहे, ती साबण-टूथपेस्टचे दावे तपासते पण राजकीय जाहिरातींना हात लावत नाही.

आता या सगळ्यात ‘उमेदवार’ म्हणजे कोण, हा शब्द जरा सविस्तर घेतो कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. जुन्या व्याख्येत अर्ज भरलेला माणूस तर होताच, पण निवडणूक तोंडावर आलेली असताना जो स्वतःला होणारा उमेदवार म्हणून लोकांपुढे आणतो आणि पुढे खरंच उभा राहतो, तोही होता. म्हणजे आपल्या फ्लेक्सवरचा ‘भावी नगरसेवक’ अगदी तंतोतंत! मग १९७५ आलं. १२ जूनला अलाहाबादच्या कोर्टाने पंतप्रधान इंदिरा गांधींची खासदार म्हणून झालेली निवड रद्द केली, आणि त्या खटल्यात एक मुद्दा हाच होता की त्या उमेदवार नक्की कधीपासून, अर्ज भरला त्या दिवसापासून की त्याआधी स्वतः जाहीर केलं तेव्हापासून. कोर्टाने आधीची तारीख धरली. आणीबाणी लागली, ऑगस्टमध्ये संसदेने व्याख्याच बदलली, उमेदवार म्हणजे फक्त रीतसर अर्ज भरलेला, आणि हा बदल मागच्या तारखेपासून. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने निवड कायम केली. त्या बदलाचं समर्थन करणारे म्हणतात की अर्जाची तारीख पक्की असते, ‘स्वतःला पुढे आणणं’ कोर्टात कसं सिद्ध करणार, आणि यात तथ्य आहे हे मान्य. पण एका माणसाच्या एका केससाठी केलेली दुरुस्ती पन्नास वर्षं तशीच राहिली, आणीबाणी गेली तरी ती गेली नाही, २०२४ च्या जुलैपासून जुन्या फौजदारी कायद्याच्या जागी नवीन न्याय संहिता आली तिच्यातही तीच व्याख्या उचलून ठेवली. पाचशेचा दंड दहा हजार झाला, एवढाच काय तो फरक. आणि भावी लोक मोकळेच.

त्या मानाने पालिकेच्या आधीच्या निवडणुका साध्या होत्या, म्हणजे महापालिका १९५० ची, तेव्हापासून बराच काळ भिंती रंगवणे, रिक्षावर भोंगा, सायक्लोस्टाईल पत्रकं. नव्वदीच्या सुरुवातीला दिल्लीतून, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाकडून, कडक शिस्त आली, १९९५ मध्ये राज्यात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध कायदा आला आणि रंगवलेल्या भिंती हळूहळू कमी झाल्या. स्थानिक निवडणुकांसाठी वेगळा राज्य आयोग तो पण साधारण तेव्हाचाच, १९९४ चा.

भिंती गेल्या आणि फ्लेक्स आला. भिंत रंगवायला पेंटर लागायचा, दोन दिवस जायचे. फ्लेक्स रात्री दहाला डिझाईन पाठवलं की सकाळी चौकात. आणि त्याला निवडणूक लागत नाही, वाढदिवस चालतो, दहीहंडी चालते, पालखीचं स्वागत चालतं, दहावीच्या गुणवंतांचं अभिनंदन चालतं. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून वीस-पंचवीस पासपोर्ट फोटो. पैसे कोणी दिले? शुभेच्छुकांनी. मग परवानगीशिवायचा खर्च हे कलम लागू होतं का? नाही, कारण ज्याच्यासाठी केला तो उमेदवारच नाही अजून, बसा. फार तर पालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची (म्हणजे जाहिरात फलक बघणाऱ्या खात्याची) गाडी येते आणि फ्लेक्स उतरवून नेते, तेही आधी कोणाचा फ्लेक्स आहे ते बघून असं आमच्या कट्ट्यावर म्हणतात.

मधल्या काळात प्रभागरचना दर वेळी बदलली. २००२ ला तीनचा प्रभाग (म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक), २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. २०१२ पासून निम्म्या जागा बायकांसाठी, त्यामुळे उमेदवार वहिनी आणि फ्लेक्सवर मोठा फोटो दादांचा हा प्रकार वाढला. चारच्या प्रभागात आणखी एक गंमत, पॅनेलचं एकच पत्रक, चार चेहरे, आणि केलेल्या कामांची एकच यादी, मग त्यातलं कुठलं काम कोणाचं हे मतदाराला कळायचा मार्गच नाही.

आणि मग ते ‘मा.’ प्रकरण. मा. म्हणजे माननीय की माजी? १४ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली, दुसऱ्या दिवसापासून प्रशासक, म्हणजे १५ मार्चला शहरातले सगळे नगरसेवक एका झटक्यात माजी झाले, पण पाट्या बदलायची गरजच पडली नाही कुणाला! ‘मा. नगरसेवक’ तसंच राहिलं, ज्याला जे वाचायचं ते वाचा. आमच्या इथल्या एका माजींना मी हसत हसत विचारलं होतं, साहेब हे मा. कुठलं, तर ते म्हणाले, “आमच्या आईने ठेवलंय असं समजा ना.” यावर काय बोलणार. आचारसंहिता लागली १५ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे मोजून तीन वर्षं नऊ महिने भावी, माजी आणि माननीय एकाच खांबावर नांदले.

पुढचं सगळं महिन्याभरात उरकलं. अर्ज २३ डिसेंबरपासून, जाहीर प्रचार १३ जानेवारीला संध्याकाळी साडेपाचला बंद, १५ तारखेला मतदान, ४१ प्रभाग, १६५ जागा. खर्चाची मर्यादा पुण्याला प्रत्येकी १५ लाख, २०१७ ला १० होती. हिशोबात प्रत्येक मंडप, खुर्ची, वडापाव ठरलेल्या दराने धरला जातो. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं. हे नियम वाईट नाहीत, पण पावणेचार वर्षांच्या फ्लेक्सचा, देवदर्शन सहलींचा, दिवाळीच्या फराळ पिशव्यांचा त्यात एक रुपया धरला जात नाही, आणि माझ्या मते मत तिथेच ठरतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमुक साहेबांमुळेच पाणी आलं’ हे फिरतं त्यावर तर मुद्रकही नसतो.

आचारसंहितेत पालिकेची माणसं बाकांवरच्या नावांवर कागद चिकटवून गेली. आमच्या कोपऱ्यावरच्या बाकावर खळ कमी पडली होती बहुतेक, कागद वरून सुटला आणि दुसऱ्याच दिवशी नाव दिसायला लागलं. मतदानाच्या दिवशी रांगेतून दमलेले दोन आजोबा त्याच बाकावर टेकले होते, पाठ बरोबर त्या नावाला लागून.