ठासणीच्या बंदुकीचा शेतीसंरक्षण परवाना: कोणाला मिळतो, कागद काय लागतात, आणि बंदुकीची दारू घरी का करायची नाही

माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची जुनी बंदूक, ठेवलेली घरं आमच्या सिंधुदुर्गात अजून बरीच आहेत, आणि गणपतीला नाहीतर शिमग्याला मुंबईहून नातू आला की तो ती खाली काढतो, पुसतो, दोनचार फोटो काढतो आणि मग विचारतो की दारू घरीच करता येईल का, जुनी माणसं करायचीच ना. मला हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं, परवान्यासकट.

तर आधी दारूचं. नाही करता येत. बंदुकीची काळी दारू १८८४ च्या स्फोटके कायद्याच्या व्याख्येत नावानिशी आहे, नायट्रोग्लिसरीनच्याही आधी. तिच्यासाठी २००८ चे स्फोटके नियम लागू होतात आणि त्यात हौसेपुरती, स्वतःच्या बंदुकीपुरती असा कुठलाही हौशी परवाना नाहीये. सगळ्यात लहान जो उत्पादन परवाना आहे तो एका वेळी १५ किलोपर्यंत दारू किंवा फटाके बनवणाऱ्यांसाठी, तो जिल्हाधिकारी देतात, पण तो धंदा करणाऱ्यांसाठी आहे, त्याला वेगळी जागा लागते, नकाशा लागतो, वस्तीपासून अंतर लागतं. त्याहून मोठ्या परवान्यांचं काम मुख्य स्फोटके नियंत्रकांकडे, त्यांचं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे. घराच्या मागच्या पडवीत बसून करायची ही गोष्टच नाही.

आणि शिक्षा काय ते पण ऐका, कारण लोकांना वाटतं दंड भरून सुटू. विनापरवाना बनवली तर स्फोटके कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद. कायदेशीर कारण दाखवता आलं नाही तर १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागू शकतो, त्यात १० वर्षांपर्यंत, आणि त्या कायद्यात बनवायचं साहित्यही स्फोटक पदार्थातच धरलंय. वर शस्त्र कायदा आहेच, त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत बंदुकीत भरायचा बारसुद्धा येतो, आणि विनापरवाना दारूगोळा बनवायला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. कायदा सोडा, आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका काकांच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत, लहानपणी आम्ही त्यांना घाबरायचो, मोठं झाल्यावर कळलं की दारू सुकवताना झालं ते. ते स्वतः आता कोणी पोरगा असलं काही बोलला की हात पुढे करून दाखवतात, बाकी काही बोलत नाहीत. दारू परवानाधारक दुकानातून परवाना दाखवून विकत घ्यायची, तेवढीच, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत, आणि पावती जपून ठेवायची. दुसरा रस्ता नाही.

आता परवाना.

शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे. कलम १३ मध्ये एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची आहे जी फार कमी लोकांना माहितीय, ती म्हणजे खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली असेल आणि बाकी काही आक्षेप नसेल तर परवाना प्राधिकाऱ्याने परवाना "द्यावा" असं लिहिलंय. पिस्तूल, रिव्हॉल्वर मागणाऱ्याला जिवाला धोका आहे वगैरे पटवून द्यावं लागतं, तुम्हाला पीक आणि नुकसान दाखवायचंय. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही असं प्राधिकाऱ्याला पटलं तर दुसरी साधी नळीची बंदूक म्हणजे बारा बोर वगैरे पण देता येते, त्याच कलमात सोय आहे. आणि तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही हे कलम १४ मध्ये स्पष्ट आहे, तेव्हा दोन गुंठेवाल्याने पण बिनधास्त अर्ज करावा.

पात्रता सोपी आहे. वय २१ पूर्ण. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, चांगल्या वागणुकीचा बाँड चालू नसावा, मानसिक प्रकृती ठीक असावी. एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, आधी तीन चालायच्या, २०१९ पासून दोन.

अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, आता राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची आणि कागदांसकट जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायची. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात राहत असाल तर तिथे आयुक्तांकडे. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांचा इथेच घोळ होतो, शेती गावाला आणि आधार कार्डावर पत्ता डोंबिवलीचा. पीक संरक्षणाचा परवाना जिथे शेती आहे तिथल्या गरजेवर मिळतो, वर्षातून दोनदा येणाऱ्याला राखण करायचीय हे कोणाला पटणार, त्यामुळे गावात राहून प्रत्यक्ष शेती बघणाऱ्या भावाच्या नाहीतर काकांच्या नावावर अर्ज करणं हेच बरोबर.

कागद: पांढऱ्या बॅकग्राउंडचे ४ पासपोर्ट साइज फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, रहिवासाचा पुरावा, बंदूक सुरक्षित ठेवीन याची हमी ठरलेल्या नमुन्यात, आणि डॉक्टरांचं मेडिकल सर्टिफिकेट, त्यात शारीरिक आणि मानसिक दोन्ही फिटनेस आणि नशेची सवय नाही हे यावं लागतं, साधं "फिट आहे" असं लेटरहेडवर लिहून आणलेलं चालत नाही. शस्त्र हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं ते पण याच फाइलला. शेतीसाठी म्हणून सातबारा आणि आठ-अ, सातबाऱ्यावर चालू हंगामाची पीकपाहणी लागलेली बघा, रिकामा सातबारा नेलात तर कुठलं पीक राखणार हा प्रश्न येणारच. बऱ्याच ठिकाणी तहसीलदार किंवा प्रांतांचा अहवाल पण मागवतात.

नुकसानीचा पुरावा हा या फाइलचा खरा जीव आहे आणि नेमका तोच लोक गोळा करत नाहीत. रानडुकरांनी रात्रीत भात लोळवला की सकाळी शिव्या घालून परत कामाला लागतो आपण. तसं करू नका. वन विभागाकडे ३ दिवसांच्या आत नुकसानीचा अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. भरपाई किती मिळते हा वेगळा विषय, पण दोनतीन हंगामांचे पंचनामे लावले की तुमची मागणी खरी आहे हे कागदावरच दिसतं. मी आमचे तीन वर्षांचे लावले होते, फोटोंसकट, आणि चौकशीला आलेल्या माणसाने मला वेगळं काही विचारलंच नाही.

मग पोलीस चौकशी. तुमच्या हद्दीतलं पोलीस स्टेशन ३० दिवसांत अहवाल देतं असं नियमात आहे, तो आल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात जास्त लागतात, तेव्हा अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नाकारला तर कारणं लेखी द्यावी लागतात आणि ३० दिवसांत अपील करता येतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे.

आता एक अडचण जी अगदी शेवटी कळते आणि फाइल अडकते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३४. अभयारण्याच्या १० किलोमीटर त्रिज्येत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सहमतीशिवाय नवीन परवाना देता येत नाही. त्रिज्येत म्हणजे सरळ रेषेत, रस्त्याने नाही! आमच्याकडे फोंडा घाटाच्या वरच्या अंगाला राधानगरी अभयारण्य आहे, खालच्या गावातल्या माणसाला ते दुसऱ्या जिल्ह्यातलं कुठलंतरी लांबचं जंगल वाटतं कारण घाट चढून जायला वेळ लागतो, पण नकाशावर पट्टी ठेवली की अंतर किती कमी आहे ते दिसतं. कोयना, चांदोलीच्या पायथ्याच्या लोकांचं तेच. अर्ज करायच्या आधीच नकाशावर मोजा आणि आत येत असाल तर उपवनसंरक्षक कार्यालयात आधीच विचारून ठेवा, कारण ही सहमती वरून नागपूरहून येते आणि तिला वेळ लागतो. अभयारण्य जाहीर होताना तिथे आधीपासून परवाना असलेल्यांनाही वन खात्याकडे नोंदणी करावी लागते.

आणि परवाना हातात आला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असं अजिबात नाही. बंदूक बाळगायची परवानगी वेगळी आणि जनावर मारायची वेगळी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, उभ्या पिकाचं नुकसान करतंय म्हणून मारायचं असेल तर वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. गवा पहिल्या अनुसूचीत, पीक खाल्लं म्हणून गव्याला मारायची परवानगी मिळतच नाही. लग्नात, पालखीपुढे हौसेने बार काढणं पण आता गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी मनापासून सांगतोय कारण एका माणसाने केलेल्या मस्तीमुळे अख्ख्या गावाच्या फायलींकडे संशयाने बघितलं जातं आणि ज्याचं भात खरंच रात्री लोळतंय तो मागे राहतो.

आता परत त्या माळ्यावरच्या बंदुकीकडे. परवाना आजोबांच्या नावावर होता आणि आजोबा गेले, तर त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवणं कायदेशीर नाही, विनापरवाना बाळगण्याला २ ते ५ वर्षं शिक्षा आहे. घाबरून विहिरीत टाकू नका आणि कोणाला विकूही नका. उशीर न करता पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक शस्त्र दुकानात जमा करा आणि पावती घ्या. मग वारसाने ए-१ भरायचा, सोबत मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. भावाभावांत जमिनीचे वाद असले तरी या एका कागदावर सह्या घेऊनच टाका. आजोबा हयात असतील तर त्याहून सोपं, वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे आहे, यातलं जे आधी होईल तेव्हा ते स्वतःच वारसाचं नाव सुचवू शकतात. वारस म्हणजे मुलगाच असं नाही, मुलगी, सून, जावई पण चालतात. आणि गंजलीय, जुनी आहे, शोभेची आहे म्हणून परवाना नको हे सगळ्यांना लागू नाही, दुरुस्त करूनही कधीच उडू शकणार नाही अशा जुन्या बंदुकीलाच सूट आहे, गंज काढून चाप ओढला की चालेल अशीला नाही.

परवाना ५ वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म ए-३ मध्ये, मुदत संपायच्या ६० दिवस आधी, ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहूनच ठेवा. परवान्यावर राष्ट्रीय डेटाबेसचा युनिक नंबर आहे ना तेही बघा, तो नसलेला जुना परवाना आता वैध नाही. निवडणुकीच्या वेळी जमा करायची नोटीस आली तर वेळेत जमा करा आणि निवडणूक झाली की स्वतः जाऊन परत आणा, देताना आणि घेताना बंदुकीचा नंबर परवान्याशी जुळवून बघा, एकसारख्या दिसणाऱ्या दहा ठासणीच्या बंदुका तिथे एकाच कोपऱ्यात उभ्या असतात.