पार्श्वभूमी : ध्रुवीय प्रकाश आणि कुलाब्याचा 1600चा आकडा

मे 2024 मध्ये लडाखच्या हानले येथून लालसर ध्रुवीय प्रकाश टिपला गेला, तेव्हा 1859च्या सौरवादळाचा विषय पुन्हा निघाला. त्या वादळाची तीव्रता सांगताना आजही जो आकडा पुढे केला जातो, तो मुंबईचा आहे.

2 सप्टेंबर 1859 रोजी सकाळी अकराच्या सुमारास कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरला. निरीक्षक डोळ्यांनी पाहून आकडे वहीत उतरवत होते. खळबळ वाढताच दोन नोंदींमधले अंतर त्यांनी मिनिटांवर आणले. इंग्लंडमधल्या स्वयंचलित यंत्रांची रेघ त्याच वेळी कागदाबाहेर गेली होती. म्हणूनच ही वही अनमोल आहे.

2003 मध्ये या नोंदीवरून वादळाच्या तीव्रतेचे गणित मांडले गेले आणि वाद सुरू झाला. वादळात विषुववृत्ताभोवती हजारो किलोमीटर उंचीवर वलयप्रवाह, म्हणजे पृथ्वीभोवती कड्यासारखा फिरणारा विद्युतप्रवाह, बळावतो आणि जमिनीवरचे क्षेत्र घटते. पण हा प्रवाह ओसरायला अनेक तास, कधी दिवस लागतात. कुलाब्याची घसरण मात्र झपाट्याने भरून निघाली. त्यामुळे काही अभ्यासकांच्या मते त्यात ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातल्या, सुमारे 100 किलोमीटर उंचीवरच्या प्रवाहांचा वाटा असावा. तो पट्टा त्या दिवशी विलक्षण दक्षिणेला सरकला होता. तासाची सरासरी काढली की आकडा हजाराच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. याचा अर्थ नोंद चुकीची होती असा मुळीच नाही. 2022 मध्ये क्षेत्राच्या तिन्ही घटकांच्या मूळ नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, त्या तिच्यावर विश्वास होता म्हणूनच.

4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात तर ध्रुवीय प्रकाश मुंबईतूनच दिसल्याची नोंद आहे. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार हे दिसताच, चुंबकीय मोजमाप बिघडू नये म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवे केंद्र उघडले. दोन वर्षे दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्यावरच 1906 मध्ये कुलाब्याचे काम थांबले. या दूरदृष्टीचे कौतुक फार कमी होते.

मार्च 1989 च्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज नऊ तास गेली. वादळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती घटले हे सांगणारा निर्देशांक तेव्हा होता उणे 589 नॅनोटेस्ला. मे 2024 मध्ये तो उणे 400च्या आसपास गेला. हे आकडे चार केंद्रांच्या तासाच्या सरासरीवरून काढलेले असतात, कुलाब्याचा 1600 एकाच ठिकाणचा, काही मिनिटांचा. बातम्यांत ते सर्रास शेजारी शेजारी छापले जातात.