इंजिनाच्या भागांचे घरगुती रंगकाम व भट्टी

इंजिनाचे सुटे भाग घरीच साफ करून, त्यांवर उष्णतारोधक रंग मारून तो ठरावीक तापमानाला भाजून पक्का करण्याची पद्धत. सिलिंडर, सिलिंडर हेड, क्रँककेस, टॅपेट कव्हर, सायलेन्सरचा पाइप या भागांसाठी ती वापरतात. जुन्या मोटारसायकली स्वतः उभ्या करणाऱ्यांमध्ये ती विशेष दिसते. बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट हे आपल्याकडचे ओळखीचे उदाहरण.

इथे वाळणे आणि पक्के होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्चे मडके उन्हात कडक वाळले तरी पाण्यात विरघळते, आव्यातून निघालेले विरघळत नाही. तसेच या रंगाचे. थिनर उडून गेला की रंग हाताला लागत नाही, पण त्यातील राळेचे रेणू एकमेकांत गुंफलेले नसतात. अशा रंगावर कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकले की तो चिकट होतो आणि फडक्याबरोबर निघून येतो. उष्णतारोधक रंगांत बहुधा सिलिकोन राळ असते. तापल्यावर तिच्यात सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळी जुळत जाते व पाणी बाहेर पडते. ही साखळी कार्बनच्या साखळीपेक्षा उष्णतेला अधिक टिकते. म्हणून साधे एनॅमल करपून जाते त्या तापमानालाही हा रंग धातूला धरून राहतो.

भाजलेला रंग ही मोटारउद्योगातील जुनी गोष्ट आहे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. तो डांबरी घटकांचा ‘जपान ब्लॅक’ रंग भट्टीत भाजून पक्का करत. ब्रिटिश सायकली-मोटारसायकलींचे ‘स्टोव्ह एनॅमल’ त्याच कुळातले; नावातला स्टोव्ह म्हणजे भट्टी.

कामाचा मोठा वाटा रंगाची बाटली उघडण्याआधीच संपतो, किंवा संपायला हवा. आधी रॉकेलने तेलकट मळी काढतात, मग तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टिंगने (वाळूच्या जोरदार झोताने) गंज व जुना रंग. शेवटी थिनरने पुसले की उघड्या हाताने भागाला शिवत नाहीत, कारण बोटाचे तेलही पुरते. ॲल्युमिनियमवर रंग सहजासहजी धरत नाही, त्यामुळे पृष्ठभाग खरवडून घेतात किंवा एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा अस्तराचा रंग) मारतात. तो प्रायमर वरच्या रंगाइतकी उष्णता सोसतो का, हे डब्यावर पाहावे लागते. पोटीन (बॉडी फिलर) मात्र इथे चालत नाही. ते तापून सुटते.

ओतीव धातूची एक खोड आहे. त्याच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. वरून भाग लख्ख दिसतो, भट्टीत गेला की तेल पाझरते आणि रंगाला फोड येतात. जाणकार म्हणून भाग रंगाआधी एकदा कोराच तापवतात, वर आलेले तेल पुसतात आणि पुन्हा धुतात. कंटाळवाणे काम आहे, पण फसलेल्या रंगांपैकी बऱ्याच रंगांचे कारण इथेच सापडते.

गॅस्केटचे पृष्ठभाग, आटे, बेअरिंगच्या जागा आणि अर्थिंगची जागा मास्किंग टेपने झाकतात. अर्थिंगवर रंग बसला की गाडी चालू न होण्याचे कोडे पडते. ऑइल सील व रबरी भाग आधीच काढतात. बेअरिंगही याच उष्णतेत सुटतात: ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे शंभरेक अंशांना तापलेल्या क्रँककेसमधून बेअरिंग बऱ्याचदा हलक्या ठोक्याने बाहेर येते.

रंग पातळ हातांनी, दोन हातांमध्ये थोडा वेळ सोडून मारतात. जाड थर भाजताना फुगतो, शिवाय सिलिंडरच्या पंखांवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांवर) तो उष्णतेची वाट अडवतो. काळ्या रंगाने इंजिन थंड राहते, असे गॅरेजात सर्रास सांगतात. ते अर्धेच खरे. कोऱ्या चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा रंगवलेला धातू जास्त उष्णता बाहेर टाकतो, पण अवरक्त किरणांच्या बाबतीत पांढरा रंगही काळ्याच्या जवळपासच असतो. चालत्या गाडीत तर बहुतेक उष्णता वाराच नेतो.

भाजण्याचे तापमान रंगागणिक बदलते. काही इंजिन एनॅमलना ९० ते ९५ अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटे पुरतात. सायलेन्सरसाठीचे सिलिकोन रंग सुमारे १२०, २०० व ३१५ अंश अशा पायऱ्यांनी, प्रत्येकी अर्धा तास आणि मध्ये थंड होऊ देत भाजतात. घरगुती ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) साधारण २५० अंशांवर थांबतो, म्हणून शेवटची पायरी भाग गाडीवर चढवून, इंजिन थोडे थोडे चालवून पार पाडतात. पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी भुकटी धातूवर वितळवून बसवण्याला) धातू १८० ते २०० अंशांना १० ते २० मिनिटे राहावा लागतो. इथे ‘धातू’ हा शब्द महत्त्वाचा. ओव्हनच्या डायलवर २०० दिसले तरी बिडाचा जाड सिलिंडर अजून निम्म्यावरही नसतो, आणि मिनिटे धातू तापल्यावरच मोजायची असतात. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर कमी आकडा दाखवतो. रंगलेल्या जागी धरल्यास तो बराच विश्वासू असतो. थंड झाल्यावर थिनरचे फडके आडजागी घासून पाहतात. रंग फडक्याला लागला तर भाजणे अपुरे आहे.

एकदा रंगाला वापरलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न शिजवू नये. मायक्रोवेव्ह तर या कामाचाच नाही. ओला भाग गॅसच्या ओव्हनमध्ये ठेवल्यास थिनरची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून आधी तो उघड्यावर पुरता सुकू देतात आणि ओव्हन हवेशीर जागी, बहुधा गच्चीत किंवा पडवीत मांडतात. हार्डनर मिसळायच्या दोन घटकी रंगांत बऱ्याचदा आयसोसायनेट हे घातक रसायन असते. त्याने दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी ठरतो. असे रंग व्यावसायिक रंगकामाच्या बूथवर सोपवलेले बरे.