मोटरहोम उभी ठेवताना टेकू आणि लेव्हल (नाशिक परिसर)

मोटरहोम, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा ट्रॅव्हलर नाहीतर मिनीबसवर बांधून घेतलेली कॅराव्हॅन, काही महिने न वापरता उभी ठेवायची असली की तिचं वजन कशावर टेकवायचं आणि ती वाकडी होऊ नये म्हणून काय करायचं, ते हे काम. नाशकात ही वेळ साधारण मृगाच्या आधी येते, पावसाळाभर गाडी उभी आणि दसऱ्याला बाहेर, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण गाडी लावता तेव्हा जमीन एक असते आणि महिनाभराने दुसरीच.

निफाड, दिंडोरीकडची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. मे महिन्यात ती दगडासारखी कडक लागते म्हणून लोक तिथेच जॅक लावून मोकळे होतात, मग जुलैत एक कोपरा खचतो, बाकीचे तसेच राहतात, चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळली जाते, दार घासायला लागतं आणि खिडकीच्या रबरातून पाणी आत येतं. म्हणून आधी जागा करा. वरची माती काढून मुरूम टाका, थराथराने, पाणी मारून दाबून, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, आणि बाजूने पाणी जायला चारी काढा. कोबा असेल तर उत्तमच. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पूररेषेत जागा कितीही सपाट असली तरी नको, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पाणी कुठवर चढतं ते नाशिककराला वेगळं सांगायला नको.

टेकूखाली रुंद फळी का घालायची ते हिशोबाने बघा. साडेतीन टनाची गाडी चार ठिकाणी टेकवली तर एका टेकूवर साधारण 900 किलो येतात. जॅकचा तळ 10 बाय 10 सेंटीमीटरचा असला तर जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला 9 किलो दाब, तोच 45 बाय 45 च्या जाड फळीवर ठेवला तर अर्धा किलोसुद्धा नाही. फळी जाडच हवी, पातळ प्लाय मधेच वाकतं आणि सगळा दाब परत तेवढ्याच जागेवर येतो.

टेकू अ‍ॅक्सलखाली, स्प्रिंगच्या जवळ, नाहीतर कंपनीने दाखवलेल्या जॅक पॉइंटला द्यायचा. फ्लोअर, पाण्याची टाकी, स्टीअरिंगचे रॉड यांच्याखाली अजिबात नाही. हायड्रॉलिक जॅक फक्त उचलायला, त्याचं सील हळूहळू दाब सोडतं, म्हणून उचलून झालं की वजन लोखंडी स्टँडवर घ्यायचं. विटा, पोकळ सिमेंट ब्लॉक आणि ते हलके पांढरे ब्लॉक तर चुकूनही नको, ते तडा न दाखवता एकदम फुटतात आणि खाली माणूस असू शकतो. कोपऱ्यातले बारीक पाय गाडी हलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नाही.

चाकं हवेत ठेवायचीच का, यावर लोक वाद घालतात. चार महिन्यांसाठी गरज नाही असं माझं ठाम मत आहे. टायरमध्ये साइडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेत हवा भरून ठेवा, खाली फळ्या द्या, महिन्या-दोन महिन्यांनी गाडी हातभर पुढेमागे करा म्हणजे टायर एकाच जागी चपटा होत नाही, आणि ऊन लागत असेल तर चाकं झाका. वर्षभर हलणारच नसेल तर मात्र स्टँड लावा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलीत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, त्यापेक्षा गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. एअर सस्पेन्शनवाल्या मोठ्या गाडीची हवा उतरली की बॉडी खाली बसते, म्हणून स्टँड न लावता तिच्याखाली कोणी शिरायचं नाही.

लेव्हल करताना अगदी शून्याचा हट्ट नको. गॅसवरच्या फ्रिजला सपाट गाडी लागते ती तो चालू असताना, बंद असताना नाही. पावसाळ्यात महत्त्वाचं आहे छपरावरचं पाणी, ते साचून एसीच्या किंवा व्हेंटच्या जोडात मुरतं, त्यामुळे आडव्या बाजूने पाणसळ (लेव्हल बघायची बुडबुड्याची पट्टी) बरोबर ठेवून लांबीत थोडा उतार द्यावा, पाणी जिकडून वाहून जाईल तिकडे. पहिला मोठा पाऊस झाला की आठवड्याने पाणसळ परत लावून बघा, एखादा कोपरा बसला असेल तर तेव्हाच जॅकने उचलून फळी वाढवा, महिनाभर तसाच पिळलेला सांगाडा नंतर सरळ करणं अवघड जातं.