माइक वेब्स्टर: दर चालीला एक धडक

अमेरिकन फुटबॉल आणि मेंदूच्या दुखापती यांची चर्चा सुरू झाली की माइक वेब्स्टरचं नाव निघतंच. बहुतेक वेळा ते एका वाक्यात आटोपतं: एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला असा पहिला खेळाडू, ज्याच्या मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडलेला मेंदूचा आजार) सापडला. तो कोणत्या जागेवर खेळायचा, हे त्या वाक्यात कुठे येत नाही. माझ्या मते सगळं प्रकरण तिथूनच उलगडतं.

या खेळात आक्रमण करणाऱ्या अकरा जणांपैकी पाच जण ऑफेन्सिव्ह लाइनचे: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल. चेंडू घेऊन पळणं किंवा पास झेलणं हे त्यांचं काम नव्हे. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्याला, वाचवायचं आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून द्यायची. सेंटरवर आणखी एक जबाबदारी असते. वाकून तो चेंडू दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्या दणकट बचावपटूला अंगावर घेतो. एका सामन्यात अशा साठेक चाली होतात. यार्ड, पास, गुण सगळं मोजलं जातं, पण लाइनमनच्या नावापुढे खेळलेल्या सामन्यांखेरीज फारसा आकडा येत नाही. त्यानं किती धडका घेतल्या हे कोणी लिहून ठेवत नसे.

वेब्स्टरचा जन्म 1952 चा, विस्कॉन्सिनमधल्या टोमाहॉकचा. वडिलांची बटाट्याची शेती होती. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून सेंटर म्हणून तो चांगलाच खेळला, पण या जागेसाठी तो अंगानं लहान समजला जाई. 1974 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला पाचव्या फेरीत घेतलं. त्या ड्राफ्टचं कौतुक अजून होतं, कारण लिन स्वॉन, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि वेब्स्टर असे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, गेलेले चौघे एका संघाला एकाच वर्षी मिळाले. पहिली दोन वर्षं त्याच्या वाट्याला अनुभवी रे मॅन्सफिल्डच्या मागची जागा आली. 1976 पासून ती जागा त्याची झाली.

मग जे झालं त्याला तोड नाही. स्टीलर्सनी 1974 ते 1979 या सहा हंगामांत चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले आणि चारही संघांत वेब्स्टर होता. सलग 150 सामन्यांत तो सुरुवातीपासून मैदानात उतरला. 1986 मध्ये कोपर निखळलं तेव्हा कुठे ही मालिका तुटली. प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी नऊ वेळा निवड झाली. स्टीलर्सकडून 220 सामने हा त्याचा विक्रम बेन रॉथलिसबर्गरनं 2020 मध्ये मोडेपर्यंत टिकला. कडाक्याच्या थंडीतही त्याच्या जर्सीच्या बाह्या दंडापर्यंत घट्ट वर असत, हात उघडे. प्रत्येक चालीआधी हडल, म्हणजे चाल ठरवायला जमलेला घोळका, मोडला की बाकीचे चालत जागेवर येत, तो धावत जाऊन चेंडूवर वाके. लोक त्याला ‘आयर्न माइक’ म्हणत, ते उगाच नव्हे.

आता त्या काळातल्या ब्लॉकिंगकडे जरा बारकाईनं पाहायला हवं. 1978 पर्यंत लाइनमनला हात पसरून, तळवे उघडे ठेवून समोरच्याला थोपवायची मुभा नव्हती. हात छातीशी, कोपरं बाहेर, आणि भार खांद्यावर व डोक्यावर. त्यात बचावपटूला लाइनमनच्या हेल्मेटवर पंजाचा सणसणीत तडाखा मारायची परवानगी होती. या ‘हेड स्लॅप’वर बंदी आली 1977 मध्ये. म्हणजे वेब्स्टरचं घडणं जुन्या नियमांत झालं. आणि सरावही तसेच होते. ओक्लाहोमा ड्रिल नावाच्या प्रकारात अरुंद पट्ट्यात दोन खेळाडू समोरासमोर उभे करत आणि शिट्टी वाजली की एकमेकांवर सोडत. सामने आठवड्यातून एक, सराव जवळपास रोजचा. धडकांचा खरा साठा सरावात जमत होता.

1988 नंतर स्टीलर्सचा आणि त्याचा संबंध संपला. कॅन्सस सिटी चीफ्सनी त्याला आधी लाइनचा प्रशिक्षक म्हणून घेतलं, पण तो पुन्हा खेळायलाच उतरला आणि तिथे आणखी दोन हंगाम काढले. एकूण 17 हंगाम, 245 सामने.

निवृत्तीनंतर तो झपाट्यानं ढासळला. पैसे गेले, संसार मोडला. कधी पिकअप ट्रकमध्ये, कधी पिट्सबर्गच्या रेल्वे स्टेशनवर रात्र काढायची. वेदना इतक्या की झोप लागावी म्हणून तो विजेचा झटका देणारी स्टन गन स्वतःवरच चालवून घेई. निखळलेले दात सुपरग्लूनं चिकटवी. 1997 मध्ये कँटनला हॉल ऑफ फेमच्या समारंभात टेरी ब्रॅडशॉनं त्याचा परिचय करून दिला, तोच क्वार्टरबॅक ज्याच्या हातात त्यानं हजारो वेळा चेंडू दिला होता. वेब्स्टरचं भाषण लांबत गेलं, भरकटत गेलं. 1999 मध्ये रिटालिन या औषधाच्या खोट्या चिठ्ठ्यांबद्दल त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. लक्ष एकाग्र राहावं म्हणून तो ते घेत होता.

त्याच वर्षी बॉब फिट्झसिमन्स या वकिलाच्या मदतीनं त्यानं एनएफएलच्या निवृत्तिवेतन मंडळाकडे अपंगत्वाचा दावा केला. मंडळानं तो पूर्णपणे अपंग असल्याचं मान्य केलं, आणि त्याचं कारण खेळताना डोक्याला झालेल्या दुखापती हे असल्याचंही लेखी मान्य केलं. वाद राहिला तो अपंगत्व नेमकं कधीपासून धरायचं याचा, कारण त्यावर रक्कम ठरत होती. निकाल त्याच्या मृत्यूनंतर लागला. 2006 मध्ये अपील न्यायालयानं कुटुंबाच्या बाजूनं कौल दिला आणि 15 लाख डॉलरहून अधिक रक्कम मंडळाला द्यावी लागली. मला यात सर्वांत जास्त टोचते ती मंडळाच्या कबुलीची तारीख. मंडळ हे कबूल करत होतं त्या काळात आणि नंतरही कित्येक वर्षं लीगनेच नेमलेली वैद्यकीय समिती खेळाडूंच्या मेंदूला दीर्घकालीन इजा होत नाही असं शोधनिबंधांतून सांगत होती. 1994 मध्ये स्थापन झालेल्या या समितीचे प्रमुख एलियट पेलमन हे संधिवाताचे डॉक्टर होते.

24 सप्टेंबर 2002 रोजी वेब्स्टर हृदयविकारानं गेला. वय 50. शवविच्छेदन अ‍ॅलेघेनी काउंटीच्या कार्यालयात, नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांच्याकडे आलं. मेंदू वरून पाहता अगदी नेहमीसारखा होता. आकसलेला नाही, रक्तस्राव नाही. तिथेच काम संपवता आलं असतं. ओमालूंनी तो फॉर्मलिनमध्ये ठेवून घेतला, काप करवून घेतले आणि खर्च स्वतःच्या खिशातून केला. सूक्ष्मदर्शकाखाली टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते दिसले, म्हणजे सीटीईची खूण.

बॉक्सरच्या बाबतीत असं काही घडतं हे नवं नव्हतं. न्यू जर्सीचे डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी 1928 मध्येच ‘पंच ड्रंक’ बॉक्सरांवर निबंध लिहिला होता. पण हेल्मेट घातलेल्या फुटबॉलपटूकडे त्या नजरेनं कुणी पाहिलं नव्हतं. ओमालू आणि सहकाऱ्यांचा निबंध 2005 मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी पेलमन आणि समितीच्या आणखी दोघांनी तो मागे घ्या अशी मागणी करणारं पत्र छापून आणलं. निबंध मागे घेतला गेला नाही.

नंतरची दोन नावं पाहा. टेरी लाँग 2005 मध्ये गेला, जस्टिन स्ट्रेल्झिक 2004 मध्ये. लाँग गार्ड, स्ट्रेल्झिक टॅकल. दोघेही स्टीलर्सच्या ऑफेन्सिव्ह लाइनचे आणि दोघांच्याही मेंदूत सीटीई सापडला. वेब्स्टर धरून एकाच संघाच्या एकाच रांगेतले तिघे.

लीगची भूमिका सावकाश बदलली. 2009 मध्ये प्रवक्त्यानं दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात हे मान्य केलं. हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यावर 2013 मध्ये 76.5 कोटी डॉलरची तडजोड झाली. पुढे न्यायालयाच्या आग्रहानं रकमेवरची मर्यादा निघाली आणि 2015 मध्ये तडजोड मंजूर झाली. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, असं लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं अमेरिकी संसदेच्या समितीपुढे म्हटलं ते 2016 मध्ये. पुढच्या वर्षी बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मकी यांच्या गटानं तपासलेल्या एनएफएल खेळाडूंच्या 111 मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई आढळला. हे मेंदू कुटुंबांनी शंका आल्यावर दान केलेले होते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. हा आकडा उद्धृत करताना ही अट नेहमी गळते, ती गळायला नको.

त्याच विद्यापीठातून पुढे आलेला निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. एखाद्या खेळाडूला किती वेळा कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला धक्का) झालं यावरून सीटीईचा अंदाज बांधता येत नाही. तो किती वर्षं खेळला आणि डोक्यानं एकूण किती आघात सोसले, यावर तो बांधता येतो. खेळाच्या प्रत्येक वाढत्या वर्षागणिक शक्यता सुमारे 30 टक्क्यांनी वाढते असं 2019 च्या अभ्यासात दिसलं. बेशुद्ध पाडणारा एखादा मोठा तडाखा टीव्हीवर दहादा दाखवतात. सेंटरला बसणारा मार त्या कॅमेऱ्यात येतच नाही. तो दर चालीला थोडा थोडा बसतो, आणि खेळाडू उठून पुढच्या चालीला वाकतो.

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या करारानंतर हंगामातले पूर्ण पॅड घालून केलेले सराव 14 वर आले. ओक्लाहोमा ड्रिलवर 2019 मध्ये बंदी आली. 2022 पासून सराव शिबिरांत लाइनमन, टाइट एंड आणि लाइनबॅकर यांना हेल्मेटवर मऊ आवरण, गार्डियन कॅप, सक्तीचं झालं. हे सगळं लीगनं योग्य केलं, उशिरा केलं. सामन्यात मात्र स्नॅप झाला की सेंटर आजही पहिल्याच पावलाला धडकतो. आणि जिवंत माणसात सीटीईचं निश्चित निदान करण्याची सोय अजून नाही. वेब्स्टरच्या डॉक्टरांकडे ती नव्हती, आज खेळणाऱ्यांच्या डॉक्टरांकडेही नाही.